झाड वाचायची दहा वर्षं

मागच्या आठवड्यात नवा लॅपटॉप घेतला आणि माझी जुनी स्क्रिप्ट पहिल्याच ओळीला कुरकुरली. रेगेक्स, म्हणजे मजकुरात शोधायचे पॅटर्न, उलगडणारं 'एसआरई-पार्स' हे मॉड्यूल म्हणे आता बाद. निर्णय काही आजचा नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पायथन ३.११ नेच त्याला आतल्या खोलीत हलवलं आणि नावाच्या सुरुवातीला अंडरस्कोअर लावला. म्हणजे घरच्यांखेरीज कुणी आत येऊ नये. हे मला इतक्या उशिरा कळावं, तेच जास्त लागलं.

रेगेक्सचा इतिहास सांगणारे क्लीनीच्या १९५६ च्या लेखापासून सुरुवात करतात आणि केन थॉम्पसन, ग्रेप, पर्ल करत येतात. ती वर्षं थोरामोठ्यांची. माझी वर्षं २००९ ते २०१९.

पुण्यातल्या एका कंपनीत पत्त्यांच्या याद्या साफ करायचं काम होतं. दीड-दीड ओळीचे पॅटर्न, लिहिणारे कधीच नोकरी सोडून गेलेले. वाचून काही उमगत नसे. मग हे मॉड्यूल हाती लागलं. फ्रेड्रिक लुंड यांच्या एसआरई इंजिनाचा हा भाग. (लुंड २०२१ मध्ये गेले.) पॅटर्न दिला की त्याचं झाड मिळे: ही पुनरावृत्ती, तिच्या पोटात गट, गटाच्या पोटात अक्षरं. आपला 'म' तिथे युनिकोड क्रमांकाने २३५० होऊन बसे.

आमचा पिनकोडचा पॅटर्न साधा होता: आधी १ ते ९ पैकी एक आकडा, मग बॅकस्लॅश-डी, म्हणजे कुठलाही आकडा, पाच वेळा. पायथन २ वरून ३ वर गेलो आणि यादीत असे पिनकोड शिरले, ज्यांत पहिला आकडा इंग्रजी नि पुढचे पाच देवनागरी. आमचे सीनियर म्हणाले, "पॅटर्नला हात लावायचा नाही, इतकी वर्षं चालतोय." मी झाड छापलं. एका ओळीत 'रेंज, ४९ ते ५७', खाली 'कॅटेगरी डिजिट'. पहिली ओळ फक्त इंग्रजी आकडे घेते, दुसरी आता युनिकोडमधले सगळे. शून्य ते नऊ असं स्पष्ट लिहिलं आणि प्रश्न मिटला. सीनियरनी मात्र माझं नाव 'झाडमोज्या' ठेवलं.

२ जुलै २०१९ ला वेबसाइटींना सेवा देणारं क्लाउडफ्लेअर एका रेगेक्समुळे २७ मिनिटं आडवं झालं. 'काहीही, कितीही' म्हणणारे तुकडे त्यात लागोपाठ होते. ओळीत ते नजरेतून निसटतात, झाडात शेजारी शेजारी दिसतात. त्या दिवशी मला झाडमोज्या म्हणणारं कुणी नव्हतं.

खरं तर त्या मॉड्यूलला अधिकृत दस्तऐवजात कधी पान नव्हतं. मी मागच्या दाराने शिरलो होतो, तेव्हा दार लागलं म्हणून भांडणार कुणाशी? राग वेगळाच आहे. आता पॅटर्न चॅटबॉट लिहून देतो, पोरं तो चिकटवतात, टेस्ट हिरवी झाली की चहाला जातात. आत काय आहे, हे त्यांच्यातल्या कुणालाच बघायचं नसतं.

पुढचं दार अजून उघडं आहे. पॅटर्न कंपाइल करताना 'डीबग' फ्लॅग द्या, झाड छापून येतं. चहाला जाण्याआधी एकदा बघा.