उंच आकाशातील वारा कसा मोजतात?

वैशाखातील तप्त वारा आपण नागपूरकर अंगावर घेतोच. सोनेगावच्या वेधशाळेचा फुगा त्याहून पुष्कळ वरच्या वाऱ्याची वार्ता देतो. पण सुमारे ३० किलोमीटरांवर तो फुटतो. मग २००-३०० किलोमीटरांवर, जेथे हवा नावापुरतीच उरते, तेथील वारा मोजावयाचा कसा?

४ ऑक्टोबर १९५७ रोजी पहिला उपग्रह सुटला आणि एक नवी वाट सापडली. विरळ हवेच्या घर्षणाने उपग्रह खाली येतो व त्याच्या फेरीचा काळ घटतो. दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. कन्हान ओलांडणारी नाव आठवावी. नावाडी समोरचा काठ धरतो, तरी प्रवाह तिला आडवे रेटतोच. पृथ्वीबरोबर हवाही पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. ईशान्येकडे जाणारा उपग्रह विषुववृत्त ओलांडो की आग्नेयेकडे जाणारा, रेटा पूर्वेकडेच बसतो. त्यामुळे कक्षेचा विषुववृत्ताशी असलेला कोन हळूहळू घटतो. उपग्रहाच्या सबंध आयुष्यात अंशाच्या एक-दोन दशांशांनी! काळाची घट आणि कोनाची घट ताडून पाहिली की वाऱ्याचा वेग निघतो.

असे सूक्ष्म वेध घेण्यासाठी जगात १२ ठिकाणी खास कॅमेरे बसविले गेले; त्यांपैकी एक आपल्या नैनितालला होता. इंग्लंडमधील फार्नबरो येथे डेस्मंड किंग-हीली यांनी १९६०च्या दशकात गणित करून दाखविले की, या उंचीवरील हवा सरासरीने पृथ्वीच्या सुमारे सव्वापट वेगाने फिरते. पुढील मोजण्यांत हे आधिक्य कमी भरले, पण वारा पूर्वेकडचाच ठरला. दिवसा तापून फुगलेल्या बाजूकडून हवा रात्रीच्या बाजूकडे धावते. म्हणून तेथे संध्याकाळी वारा पूर्वेकडे, तर सकाळी पश्चिमेकडे वाहतो.

याचा आपल्याला काय उपयोग, असे कोणी विचारील. २ एप्रिल २०२२ रोजी, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आकाशात जळते पट्टे दिसले आणि चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी गावात धातूचे मोठे कडे पडले. ते चिनी रॉकेटाचे अवशेष असावेत, असे जाणकारांनी सांगितले. अशी वस्तू मिनिटाला सुमारे ४७० किलोमीटर धावते. एका मिनिटाची चूक म्हणजे नागपूर-हैदराबादपेक्षाही अधिक अंतर. वरच्या हवेची घनता आणि वारा जितका नेमका कळेल, तितकी ही चूक कमी होईल. कोणाच्या डोक्यावर काय येणार, हे वेळीच सांगता यावे, यासाठीच अंशाच्या दशांशाचा हा खटाटोप आहे.