इन्यो काउंटी: सर्वोच्च शिखरापासून सर्वांत खोल दरीपर्यंत

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या पूर्व सीमेवर इन्यो काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा. इन्योचे क्षेत्रफळ सुमारे २६,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्याच्या दीडपट. २०२० च्या जनगणनेतील लोकसंख्या मात्र अवघी १९ हजार. खासगी मालकीची जमीन दोन टक्क्यांहूनही कमी आहे. बाकीची राष्ट्रीय उद्याने, राखीव वने आणि लॉस एंजेलिसचे पाणीपुरवठा खाते यांच्याकडे असल्याने वस्ती वाढली नाही आणि रानवाटा मोकळ्या राहिल्या.

पश्चिमेला सिएरा नेवाडाची भिंत उभी आहे. प्रशांत महासागराकडून येणारे ढग तिच्या पलीकडच्या उतारावर रिते होतात. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस माणदेशात पोहोचेपर्यंत आटतो, तसाच हा पर्जन्यछायेचा प्रदेश. याच रांगेतील माउंट व्हिटनी (४,४२१ मीटर) हे अलास्का वगळता अमेरिकेतील सर्वांत उंच शिखर. पायथ्याच्या अलाबामा हिल्समध्ये झिजून गोल झालेले ग्रॅनाइटचे दगड आणि नैसर्गिक कमानी आहेत. ‘गंगा दिन’ (१९३९) या चित्रपटातील हिंदुस्थानचा वायव्य सरहद्द प्रांत इथेच उभा करण्यात आला होता.

शिखरापासून सरळ रेषेत सुमारे १३५ किलोमीटरवर डेथ व्हॅलीतील बॅडवॉटर हा उत्तर अमेरिकेतील सर्वांत सखल भाग आहे, समुद्रसपाटीखाली ८६ मीटर. तिथे पायाखाली मिठाचा पांढरा, बहुकोनी भेगांचा थर लागतो. याच दरीतील फर्नेस क्रीक येथे १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानातील रेसट्रॅक या कोरड्या तळ्यात दगड मागे लांबलचक चरे सोडत सरकतात. हिवाळ्यात साचलेल्या उथळ पाण्यावर रात्री बर्फाचा पातळ पापुद्रा धरतो. उन्हाने तो फुटला, की हलक्या वाऱ्यानेही त्याचे तुकडे दगडांना मऊ चिखलावरून ढकलतात. हे कोडे २०१४ मध्ये उलगडले.

व्हाइट पर्वतरांगेत तीन हजार मीटरवर ब्रिसलकोन पाइनचे रान आहे. त्यातील ‘मेथुसेला’ या झाडाचे वय ४,८०० वर्षांहून अधिक. मंद वाढीमुळे लाकूड घट्ट व राळयुक्त होते, त्याला कीड सहजी लागत नाही. खोडाचा बराचसा भाग वाळला, तरी जिवंत सालीच्या एका पट्टीवर झाड तगते. इजा होऊ नये म्हणून मेथुसेलाची नेमकी जागा गुप्त ठेवली आहे.

ओवेन्स खोऱ्याचे पाणी १९१३ पासून कालव्याने लॉस एंजेलिसला जाऊ लागले आणि काही वर्षांतच ओवेन्स सरोवर आटले. तळाची धूळ रोखण्यासाठी २००१ पासून तिथे उथळ पाणी सोडले जाते. त्यामुळे स्थलांतरित पक्षी परतले आहेत. जवळच्या मांझनार छावणीत दुसऱ्या महायुद्धात दहा हजारांहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना डांबले होते. आज ते राष्ट्रीय स्मारक आहे.

डेथ व्हॅलीसाठी नोव्हेंबर ते मार्च, तर व्हिटनीसाठी जुलै ते सप्टेंबर हा काळ योग्य. व्हिटनीच्या मुख्य वाटेसाठी लागणारे परवाने हंगामात सोडतीने मिळतात. ब्रिसलकोनचा रस्ता हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतो. वाळवंटात मोबाइलला रेंज क्वचितच मिळते, म्हणून भरपूर पाणी आणि छापील नकाशा सोबत हवाच.