हाताला कसब आहे, कसबाला कागद हवा

पैठणला गेलेला माणूस नाथसागराचे पाणी पाहून परततो. ते पाणी अडवणारी माती फारसे कोणी पाहत नाही. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी धरणाचे उद्घाटन केले. सुमारे १० किलोमीटर लांबीचे हे मातीचे धरण. असे धरण थराथराने उठते. माती पसरायची, पाणी मारायचे, रोलरने दाबायची, मग पुढचा थर. दाब कमी पडला तर पाणी वाट काढते. यंत्रावर बसलेल्या माणसाच्या कसबावर खालच्या गावांचा जीव अवलंबून असतो.

१९७२ च्या दुष्काळात आपल्या आयाबायांनी खडी फोडली, मातीच्या पाट्या वाहिल्या. त्यांच्या नातवंडांपुढे आज जेसीबी, पोकलेन, डोजर आहेत. रस्ता, कालवा, शेततळे, तलावातला गाळ, सगळीकडे यंत्र लागते.

पण आपली मुले हे काम शिकतात कशी? मालकाच्या यंत्रावर हेल्पर म्हणून राहायचे. ग्रीस मारायचे, डिझेल भरायचे, यंत्र धुवायचे. ऑपरेटर जेवायला उतरला की घटकाभर दांडे हाती धरायचे. अशी वर्षे जातात. हात बसतो, पण कागद मिळत नाही. मग मजुरी ठेकेदार म्हणेल ती, आणि अपघात झाला तर 'हा आमचा ऑपरेटरच नव्हता' असे ऐकावे लागते.

रीतसर प्रशिक्षणात दांड्यांच्या आधी तपासणी शिकवतात. इंजिन ऑइल, रेडिएटरचे पाणी, हायड्रॉलिकच्या नळ्यांची गळती, टायर, ब्रेक हे पाहिल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. जेसीबीने मागच्या बाजूने खोदताना दोन्ही पाय जमिनीवर घट्ट टेकवायचे. वर विजेची तार आहे का ते पाहायचे. फिरणाऱ्या बूमच्या टप्प्यात माणूस उभा राहू द्यायचा नाही. खोदलेली माती चराच्या काठावर रचायची नाही. काठ ढासळला तर आतला मजूर गाडला जातो. उस्तादाकडे हात चालवायला शिकता येते, पण 'का' हे क्वचितच कळते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. दामोदर आणि हिराकूड प्रकल्पांची आखणी आणि कामगारांचे तांत्रिक शिक्षण, दोन्ही त्यांच्या खात्याकडे होते. धरणाला कसबी हात लागतात, हे त्यांनी जाणले होते.

पालकांनी एवढे करावे. वय १८ पूर्ण झाल्याशिवाय मुलाला यंत्रावर बसवू नये. फी भरण्याआधी विचारावे : प्रमाणपत्र कोणाचे, आणि प्रत्यक्ष यंत्रावर तास किती? या क्षेत्रासाठी इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिल आहे. तिची मान्यता आहे का ते पाहावे. काम येत असलेल्यांना परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवण्याचीही वाट आहे. पुण्याच्या बार्टी संस्थेकडे अनुसूचित जातींच्या तरुणांसाठीच्या प्रशिक्षणाची चौकशी करावी. रस्त्यावर यंत्र न्यायचे तर आरटीओचा परवाना काढावा. वर्षात ९० दिवस बांधकामावर भरले की बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करावी. मुलांच्या शिक्षणालाही मदत मिळते.

आणि मुलीने शिकते म्हटले, तर तिलाही अडवू नये. दांडे हायड्रॉलिकवर चालतात. तिथे दंडाच्या ताकदीपेक्षा नजर आणि सावधपणा कामी येतो.