कॅमेरा झाडावर, हरीण फोनवर

ऑगस्ट लागला की आमच्या भागातल्या हार्डवेअरच्या दुकानांत दारासमोरच ट्रेल कॅमेऱ्यांच्या खोक्यांची थप्पी लागते. विटेएवढी, झाडाच्या सालीच्या रंगाची पेटी. पट्ट्याने खोडाला आवळायची आणि निघून यायचं. समोरून जनावर गेलं की ती आपणहून फोटो काढते. जुन्या पेट्यांतले फोटो बघायला रानात जाऊन कार्ड काढून आणावं लागायचं. आता पेटीत सिम असतं आणि फोटो मिनिटाभरात खिशातल्या फोनवर येतो. हा सेल्युलर ट्रेल कॅमेरा.

मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या नैऋत्य कोपऱ्यात राहते. हिमयुगातल्या हिमनद्या या तुकड्यावरून फिरल्याच नाहीत, त्यामुळे आजूबाजूचा प्रदेश सपाट आणि हा मात्र टेकड्या-दऱ्यांचा राहिला. पोटापाण्याचं माझं काम मोबाइल नेटवर्कचं. शेजारच्या डेअरीवाल्या आजोबांच्या जमिनीवर मी शिकार करते, आणि त्यांच्या कॅमेऱ्यांचा कारभारही माझ्याकडेच आहे. मूळची मी अमरावतीची. वाघ-बिबट्यांची मोजणी कॅमेऱ्याने होते, हे मेळघाटामुळे लहान वयातच कानावर पडलेलं. हरणाच्या शिकारीसाठी कॅमेरा, हे मात्र इथे येऊन कळलं.

‘शिकार’ म्हटल्यावर कपाळावर उमटणारी आठी मला ओळखीची आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली आणि तिथे ती हवीच. इथलं गणित वेगळं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणं, म्हणजे व्हाइटटेल, काही लाखांवर आली होती. बाजारासाठी होणारी अनिर्बंध कत्तल कायद्याने थांबवली, परवाने आणि हंगाम ठरवून दिले. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाला जोडला. आज देशात सुमारे तीन कोटी व्हाइटटेल आहेत. आमच्या भागात त्यांना आवरणारे लांडगे उरलेले नाहीत, मका आणि सोयाबीन मात्र मुबलक. शिवाय २००२ साली विस्कॉन्सिनच्या हरणांत मेंदू पोखरणारा ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ सापडला. दाटी वाढली की तो पसरायला वाव मिळतो. म्हणून ठरलेल्या काळात, परवाना घेऊन आणि ठरलेल्या संख्येतच इथे शिकार होते. मारलेलं हरीण घरातच खाल्लं जातं. आमच्याकडे त्याचा वऱ्हाडी रस्सा होतो.

आता पेटीच्या आत काय चालतं ते बघू. कॅमेरा सतत बघत नसतो, तो झोपलेला असतो. जागं करायचं काम उष्णता ओळखणाऱ्या सेन्सरचं. समोरच्या दृश्यातून भोवतालापेक्षा गरम काही सरकलं की तो इशारा देतो. म्हणजे त्याला दोन गोष्टी लागतात: उष्णतेतला फरक आणि हालचाल. थंडीत फरक मोठा, म्हणून कॅमेरा लांबचं जनावरही टिपतो. जुलैच्या दुपारी झाडं-दगड तापलेले असतात, मग तोच कॅमेरा जवळून गेलेलं हरीणही सोडतो. उन्हाने तापलेली फांदी वाऱ्याने हलली तर तिलाही तो जनावर समजतो. रिकाम्या फोटोंचा पाऊस पडतो तो यामुळे.

खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत मेगापिक्सेलचा आकडा असतो. त्याकडे दुर्लक्ष करा. पुष्कळ कॅमेऱ्यांत मूळ सेन्सर लहान असतो आणि मोठा आकडा सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो. फोनवर येतो तो फोटोही डेटा वाचवण्यासाठी दाबून बारीक केलेलाच. बघायचं ते इशारा मिळाल्यापासून फोटो निघेपर्यंतचा वेळ. अर्ध्या सेकंदाच्या आत असेल तर चांगला. त्याहून जास्त लागला तर चालत्या हरणाची फक्त शेपटी पदरी पडते. एका फोटोनंतर दुसऱ्यासाठी तयार व्हायला किती वेळ लागतो, हेही तितकंच महत्त्वाचं, कारण माजाच्या दिवसांत पुढे मादी असते आणि मागोमाग नर येतो. कॅमेरा मादीचा फोटो पाठवण्यात गुंतला तर नर निसटतो.

रात्रीच्या फोटोसाठी अवरक्त दिवे असतात. ८५० नॅनोमीटरचे दिवे लांबवर उजेड टाकतात, पण पेटताना लालसर ठिपका दिसतो. ९४० नॅनोमीटरचे माणसाच्या डोळ्याला दिसत नाहीत, मात्र पोच कमी आणि फोटो थोडा दाणेदार. शेताच्या उघड्या कडेला मी पहिले लावते, अरुंद पायवाटेवर दुसरे. जिथे माणसांची ये-जा असते तिथेही दुसरेच, नाहीतर चोराला लाल ठिपका पत्ता सांगतो.

माझ्या धंद्याशी संबंध येतो तो सिग्नलपाशी. दुकानात सगळ्यात कमी विचारला जाणारा प्रश्न तोच आणि कॅमेरा चालणार की नाही हे ठरतं तेही त्यावरच. खरेदीआधी आपला फोन घेऊन जमीन चालून बघा. नेमक्या त्या झाडापाशी, कमरेच्या उंचीवर धरून बघा. आमच्याकडे डोंगराच्या माथ्यावर सिग्नलच्या चार काड्या असतात आणि ओढ्याकाठी शून्य, अंतर मात्र हाकेचं. काही कॅमेरे एकाच कंपनीच्या नेटवर्कवर चालतात. काहींत दोन नेटवर्कची सोय असते आणि ते जागेवर जे जोरदार असेल ते धरतात. डोंगराळ भागात मी दुसरेच सुचवते. सिग्नल अशक्त असला की कॅमेऱ्याचा रेडिओ जास्त ताकदीने बोलतो, संदेश पोचला नाही की पुन्हा पाठवतो, आणि या खटाटोपात बॅटरी संपते. ‘बॅटऱ्या टिकत नाहीत’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी काड्या किती दिसतात ते विचारते. बऱ्याचदा कॅमेरा थोडा वर चढवून किंवा लांब वायरीचा अँटेना उंच फांदीला बांधून काम भागतं. जुना कॅमेरा स्वस्तात मिळतोय म्हणून घेत असाल तर तो ४-जी आहे ना, याची खात्री करा. अमेरिकेतली मोठी ३-जी नेटवर्क २०२२ मध्ये बंद झाली. त्यांवर चालणारे कॅमेरे आता फोटो काढतात, पाठवू शकत नाहीत.

बॅटऱ्या लिथियमच्याच घ्या. साध्या अल्कलाइन सेलचा जोर थंडीत ओसरतो, आणि आमच्या नोव्हेंबरच्या रात्री बहुतेक शून्याखालीच असतात. छोटं सौर पॅनेल जोडलं तर उन्हाळाभर बघावं लागत नाही, पण दाट झाडीत किंवा उत्तरेच्या उतारावर त्याचा भरवसा नको. कॅमेऱ्याची किंमत एकदाच मोजायची असते, सिमचं भाडं दर महिन्याला. साधारण पाच ते पंधरा डॉलर, दर कॅमेऱ्यामागे. चार कॅमेरे म्हटले की वर्षाकाठी भाड्याचीच रक्कम कॅमेऱ्यांच्या किमतीला येऊन भिडते. हंगाम संपल्यावर योजना बंद ठेवता येते का, तेही आधीच विचारून घ्या.

कॅमेरा आणला, आता लावायचा कुठे? नवख्या माणसाला तो रानाच्या पोटात, हरणं जिथे बसतात तिथे लावावासा वाटतो. आपण आत पाऊल टाकलं की आपला वास मागे राहतो आणि वयस्क नर ती जागा सोडून देतो. सेल्युलर कॅमेऱ्याचा खरा फायदा तोच की कार्ड काढायला दर आठवड्याला आत जावं लागत नाही. बसायची जागा आणि चरायची जागा यांच्या मधली चिंचोळी वाट शोधा: दोन टेकड्यांमधली खिंड, ओढ्याचा उतार, कुंपणाची तुटलेली तार. ऑक्टोबरात नर जमीन खुरांनी उकरून, वरची फांदी चाटून आपला वास ठेवतात. अशा उकरलेल्या जागेसमोरचा कॅमेरा परिसरातल्या जवळजवळ सगळ्या नरांची हजेरी घेतो.

तोंड उत्तरेकडे ठेवा, म्हणजे उगवतीचा-मावळतीचा सूर्य भिंगात येत नाही. वाटेला काटकोनात नको, तिरका लावा, म्हणजे येणारं जनावर दृश्यात जास्त वेळ राहतं. उंची कमरेएवढी. समोरचं गवत आणि लोंबत्या फांद्या कापून टाका. पायात रबरी बूट घाला, जाताना वारा आपल्याकडून हरणांच्या बसायच्या जागेकडे वाहत नाही ना एवढं बघा. भर दुपारी जा, तेव्हा हरणं फारशी हलत नाहीत.

मग फोटो यायला लागतात आणि लोक चुकतात ते इथे. मोठ्या शिंगांचा नर रात्री दोनला दिसला की फोन गावभर फिरतो. पण सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून संध्याकाळपर्यंतच शिकारीला परवानगी असते. रात्री दोनच्या नराचा उपयोग एवढाच की तो जिवंत आहे हे कळलं. मी दिवसाउजेडीचे फोटो वेगळे काढते, त्यांच्यापुढे वाऱ्याची दिशा आणि तापमान लिहून ठेवते. दोन हंगामांत चित्र उमटायला लागतं: पहिली थंडीची लाट आली आणि वारा वायव्येकडून सुटला की खिंडीतून हालचाल वाढते. कुठला नर कधी आला यापेक्षा ही माहिती मोलाची, कारण ती पुढच्या वर्षीही लागू पडते.

कॅमेऱ्याने मोजणीही होते. भारतात उल्लास कारंथ यांनी नव्वदच्या दशकात नागरहोळेमध्ये कॅमेऱ्यात आलेल्या पट्ट्यांवरून वाघ ओळखून संख्येचा अंदाज बांधायची पद्धत रुजवली. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे होते. हरणाला पट्टे नाहीत, पण नराची शिंगं आहेत. चितळ-सांबरांप्रमाणे व्हाइटटेलचीही शिंगं गळतात आणि नव्याने येतात, व्हाइटटेलची दर हिवाळ्यात. एका हंगामापुरता त्यांचा आकार ही त्या नराची ओळख. अमेरिकेत १९९७ मध्ये हॅरी जेकबसन आणि सहकाऱ्यांनी हीच युक्ती मांडली: वेगवेगळे नर शिंगांवरून मोजायचे, मग नरांच्या आणि माद्यांच्या फोटोंच्या प्रमाणावरून माद्यांचा, आणि तसाच पाडसांचा अंदाज काढायचा. त्यांनी मका टाकून हरणं कॅमेऱ्यापुढे आणली होती. आमच्याकडे रोगामुळे आमिष टाकायला बंदी आहे, म्हणून आमचा आकडा ढोबळच. तरी आजोबांना यंदा किती माद्या मारायच्या ते त्यावरून ठरवता येतं, आणि त्यांच्या मक्याला तेवढं पुरतं.

आता अवघड प्रश्न. फोन वाजला, खिंडीत नर उभा आहे, तुम्ही दहा मिनिटांवर आहात. उठून जायचं का? इथले जुने शिकारी ‘फेअर चेस’ मानतात, म्हणजे जनावराला निसटायची खरी संधी असली पाहिजे. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेला बून अँड क्रॉकेट क्लब शिंगांच्या विक्रमांची वही ठेवतो. कॅमेऱ्याकडून त्या क्षणी मिळालेल्या माहितीवर धावत जाऊन मारलेलं जनावर त्या वहीत बसत नाही. राज्यांनीही पावलं उचलली आहेत. ॲरिझोनाने २०२२ च्या सुरुवातीपासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरे वापरायलाच बंदी घातली. तिथे पाणी दुर्मीळ, जनावरं मोजक्या पाणवठ्यांवर येतात आणि प्रत्येक पाणवठ्यावर पेट्यांची गर्दी झाली होती. युटा आणि नेवाडा यांनी सार्वजनिक जमिनीवर हंगामापुरते निर्बंध घातले.

विस्कॉन्सिनमध्ये निर्णय बराचसा शिकाऱ्यावर सोपवलेला आहे. आजोबांचा नियम सरळ आहे: नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो, त्याच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या कॅमेऱ्यांचं पाठवणं बंद. फोटो कार्डवर साठत राहतात, ते डिसेंबरात बघायचे. सुरुवातीला हा मला म्हाताऱ्या माणसाचा हट्ट वाटला होता. आता मी त्याच्या बाजूची आहे. वर्षभर कॅमेऱ्याने जे शिकवलं त्यावर बसायची जागा निवडावी, पुढे वारा, कान आणि थंडी सोसायची तयारी. फोनकडे बघत बसलेल्या शिकाऱ्याला रान दिसत नाही.

कॅमेऱ्यापुढून माणसंही जातात. शेजाऱ्याच्या हद्दीकडे तो वळवू नका, चालायला आलेल्या कुणाचा फोटो आला तर पुसून टाका. सार्वजनिक जमिनीवर लावायचा तर तिथला नियम दर वर्षी नव्याने वाचा, तो बदलतो. तात्पुरत्या व्हिसावर असाल तर बंदुकीबाबत केंद्रीय कायद्याची वेगळी बंधनं आहेत, ती वकिलाकडून आधी समजून घ्या. भारतातल्या वाचकांनी ही पेटी विकत घेतली तरी ती जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय बांधू नये.

घ्यायचाच असेल तर पहिला कॅमेरा एकच घ्या, दोन्ही नेटवर्कचा, मधल्या किमतीचा. जूनमध्ये लावा म्हणजे सिग्नल, बॅटरी आणि जागा यांचे दोष हंगामाआधी कळतात. आणि हंगाम सुरू झाला की त्याचं पाठवणं बंद करा, तुमच्या राज्याचा कायदा तसं सांगत नसला तरी.