कुंपणावरची गुळवेल आणि बाटलीतला अर्क

२०२० साली कोविडच्या धास्तीने घरोघरी गुळवेलीचा काढा उकळू लागला. पुढच्याच वर्षी मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांचा अहवाल आला. ही खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी 'टिनोस्पोरा क्रिस्पा' असू शकते, असं आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं.

तोंडवलीला सुरूच्या बनापलीकडच्या एका घरी मी हे सांगत होतो. तिथल्या आजींनी विचारलं, "आमच्या कुंपणावरची येल, तिची कसली परीक्षा घेतास?"

पहिली परीक्षा ओळखीची, आजी! ओली वेल ओळखता येते. क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात. पण वाळवून कुटलेल्या भुकटीत त्या कुठून दिसणार? मग प्रयोगशाळेत त्या भुकटीतले घटक वेगळे करून खऱ्या गुळवेलीच्या नमुन्याशी ताडून पाहतात. शिसं, पारा, बुरशी हेही तपासावं लागतं.

दुसरी गोष्ट अर्काची. पाण्यातल्या काढ्यात जे उतरतं तेच अल्कोहोलमध्ये उतरतं असं नाही, आणि अर्क आटवला की मूठभर खोडाचा ऐवज एका गोळीत मावतो. म्हणून 'आजोबाही काढा घ्यायचे' हा दाखला गोळीला लागू पडत नाही. अर्क आधी उंदरांना देतात: एकदाच मोठी मात्रा देऊन १४ दिवस लक्ष ठेवतात, मग रोज थोडा असा ९० दिवस. शेवटी रक्त तपासतात, यकृताचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

एवढं करूनही एक फट उरतेच. प्रयोगातले उंदीर तरुण आणि धडधाकट असतात. मुंबईच्या रुग्णांत मात्र काहींची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्याच्या खुणा होत्या. अशी माणसं उंदरांच्या पिंजऱ्यात सापडत नाहीत. ती औषध बाजारात आल्यावरच कळतात, तेही कुणी डॉक्टरला सांगितलं तर. आपल्याकडे तेच होत नाही. 'औषधं कोणती चालू आहेत?' या प्रश्नाला काढा कुणी मोजतच नाही!

तेव्हा तो मोजा. लघवी गडद पिवळी होऊ लागली, डोळे पिवळे दिसले, अन्नावरची वासना गेली, तर काढा त्याच दिवशी बंद करा आणि दवाखान्यात जाताना वेलीचा तुकडा किंवा गोळ्यांची बाटली सोबत न्या.