सबमॉड्यूलचा कॉन्फ्लिक्ट आपोआप किती सुटतो?

एका गिट रेपॉझिटरीच्या पोटात दुसरी रेपॉझिटरी बसवण्याची सोय, म्हणजे सबमॉड्यूल, गिटमध्ये २००७ पासून आहे. तरीही दोन ब्रँच मर्ज करताना सबमॉड्यूलवर कॉन्फ्लिक्ट आला की मुरलेल्या टीमसुद्धा गडबडतात. कुठून तरी उचललेली कमांड चालवली जाते, एरर गेली की प्रश्न मिटला असे धरले जाते, आणि काही दिवसांनी भलत्याच जागी बिल्ड मोडते. यात दोष गिटचा कमी आणि गिटबद्दलच्या समजुतींचा जास्त आहे.

पहिली समजूत अशी, की आतल्या रेपोच्या फाइली बाहेरच्या रेपोतही साठवलेल्या असतात आणि मर्जच्या वेळी त्या ओळीओळीने जुळवल्या जातात. तसे नसते. बाहेरच्या रेपोत त्या फोल्डरच्या जागी एकच नोंद असते: १६०००० हा मोड आणि एका कमिटचा हॅश, नेहमीच्या एसएचए-१ पद्धतीत ४० अक्षरांचा. आतला रेपो कुठून आणायचा तो पत्ता डॉट-गिटमॉड्यूल्स या फाइलीत असतो. ग्रंथालयाच्या कार्डावर पुस्तकाचा दाखल क्रमांक असतो, पुस्तक कपाटात असते. दोन कार्डे एकत्र टाचली म्हणून दोन पुस्तकांचा मजकूर एक होत नाही. म्हणूनच सबमॉड्यूलच्या कॉन्फ्लिक्टमध्ये नेहमीच्या खुणा, ते बाणांचे आणि बरोबरच्या चिन्हांचे पट्टे, कधी दिसत नाहीत. प्रश्न एवढाच असतो की दोन हॅशपैकी कोणता घ्यायचा, की दोन्ही बदल सामावणारा तिसरा. तो तिसरा मात्र आतल्या रेपोत खरोखरीचा कमिट म्हणून असावा लागतो. बाहेरून तो तयार करता येत नाही.

यातून दोन टोकाची मते निघतात. कोणी म्हणते गिट यातले काहीच स्वतः सोडवत नाही, कोणी म्हणते नवे व्हर्जन सगळे सोडवते. दोन्ही चूक. एकाच ब्रँचने सबमॉड्यूलचा हॅश बदलला असेल तर गिट तो बदल सरळ घेते. दोघांनीही बदलला असेल, तर २०१० पासून गिट आतल्या रेपोचा इतिहास तपासते. दोन्ही हॅश समान पूर्वजाच्या पुढचे असतील आणि त्यातला एक दुसऱ्याचा वंशज असेल, तर जो पुढे आहे तो निवडला जातो आणि कॉन्फ्लिक्ट येतच नाही. दोन्हीकडे वाटा फुटल्या असतील, तर ज्यात हे दोन्ही कमिट आधीच एकत्र आले आहेत असा मर्ज कमिट गिट आतल्या रेपोत शोधते. सापडला तर तो सुचवते, पण स्वतः स्वीकारत नाही. २०२१ च्या २.३४ व्हर्जनपासून मर्जची ‘ऑर्ट’ ही नवी पद्धत मूळ सेटिंग झाली. तिनेही हा नियम तसाच ठेवला आहे. मला हा संयम अगदी योग्य वाटतो. जिथे इतिहास एकच उत्तर देतो तिथेच गिट बोलते.

पण हा तपास करायला ते कमिट तुमच्या मशीनवर असावे लागतात. सबमॉड्यूल चेकआउट केलेले नसेल किंवा आत फेच केलेले नसेल, तर साधा पुढे-मागेचा प्रश्नही कॉन्फ्लिक्ट म्हणून समोर येतो. तेव्हा आधी आतल्या फोल्डरमध्ये जाऊन फेच करा आणि मर्ज पुन्हा चालवून पाहा. अनेकदा तेवढ्याने भागते.

“दोन्हीकडचा कोड शब्दशः सारखा आहे, तरी कॉन्फ्लिक्ट कसा?” ही तक्रार मी फार वेळा ऐकली आहे, आणि तिचे कारण बहुतेक वेळा स्क्वॉश हेच असते. समजा तुमची बाहेरची फीचर ब्रँच आतल्या रेपोच्या फीचर ब्रँचमधल्या कमिटकडे बोट दाखवते. आतली ब्रँच स्क्वॉश करून मेनमध्ये घेतली गेली, आणि बाहेरच्या मेनने तो नवा कमिट उचलला. मजकूर तोच, पण इतिहासात हे दोन कमिट एकमेकांचे पूर्वजही नाहीत की वंशजही नाहीत. सबमॉड्यूलसाठी गिट मजकुराची तुलना करत नाही, वंशावळ बघते. त्यामुळे त्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या वाटा असतात. रिबेसनेही हेच होते. ज्या टीमला हा कॉन्फ्लिक्ट दर आठवड्याला भेटतो, तिने एखादे टूल शोधण्याआधी आतल्या रेपोची मर्ज करण्याची पद्धत तपासावी. तिथे साधा मर्ज कमिट ठेवला, किंवा बाहेरच्या ब्रँचला फक्त आतल्या मेनवरचेच कमिट घेऊ दिले, तर यातले बरेच कॉन्फ्लिक्ट उगमापाशीच थांबतात.

याहून घातक समजूत म्हणजे कॉन्फ्लिक्ट आला नाही तर मर्ज बरोबर झाला. एक नेहमीचा प्रसंग घ्या. कोणीतरी पुल केले, पण सबमॉड्यूल अपडेट चालवले नाही. त्याच्या मशीनवर आतला रेपो जुन्याच कमिटवर राहिला. मग त्याने ‘कमिट -ए’ केले, आणि त्याच्या कामासोबत तो जुना हॅशही ‘नवा बदल’ म्हणून नोंदला गेला. आता समोरच्या ब्रँचने त्या नोंदीला हात लावलेला नसेल, तर एकाच बाजूचा बदल म्हणून गिट तो निमूटपणे घेते. मागे नेणारा बदलही त्याला बदलच वाटतो. कोणाचे तरी आठवड्याचे काम प्रॉडक्टमधून नाहीसे होते आणि कुठेही इशारा येत नाही. रस्ट भाषेच्या प्रकल्पात पुल रिक्वेस्टने सबमॉड्यूल बदलला की बॉट तसे लिहून कळवतो, हे उगीच नाही. रिव्ह्यू करताना हॅशची ती एक ओळ डोळ्यांखालून घालायलाच हवी.

‘एक्स अवर्स’ किंवा ‘एक्स देअर्स’ लावले की सबमॉड्यूलही आपोआप सुटेल, असेही मानले जाते. हे पर्याय फाइलीतल्या मजकुरासाठी आहेत, सबमॉड्यूलच्या नोंदीला ते लागू होत नाहीत. गिटअॅट्रिब्यूट्समध्ये नेमलेले मर्ज ड्रायव्हर आणि जुनी उत्तरे लक्षात ठेवणारे ‘रेरेरे’ यांचेही तेच. कॉन्फ्लिक्ट उभा असताना सबमॉड्यूल अपडेट चालवले, तर गिट ते सबमॉड्यूल वगळून पुढे जाते.

मर्क्युरिअल या गिटसारख्याच दुसऱ्या प्रणालीत वेगळा विचार आहे: तिथला सबमॉड्यूल, म्हणजे सबरेपो, दोन वाटांनी गेला असेल तर मर्क्युरिअल तुमचा ठेवू, त्यांचा ठेवू की आत मर्ज करू असे विचारते. पण मर्क्युरिअलच्याच कागदपत्रांत सबरेपो हा शेवटचा उपाय म्हणून वापरा असा सल्ला आहे. गिट सबट्रीत आतला कोड बाहेरच्या रेपोतच येतो, म्हणून कॉन्फ्लिक्ट नेहमीसारखे ओळींचे होतात. त्या बदल्यात बदल मूळ रेपोकडे परत पाठवण्याचे काम वाढते.

मग स्क्रिप्ट लिहावी का? लिहावी, पण “जो नवा तो घ्या” अशी नको. तारखेने नवा असलेला कमिट दुसऱ्या बाजूचे काम सामावून घेतो असे नाही. स्क्रिप्टने आतल्या रेपोत जाऊन दोन्ही कमिटचा खरा मर्ज करावा, तिथे ओळींचा कॉन्फ्लिक्ट आला तर थांबून माणसाला बोलवावे, टेस्ट चालवाव्यात, तो मर्ज कमिट ब्रँचवर ठेवून पुश करावा आणि मगच बाहेरच्या रेपोत ‘अॅड’ करून कमिट करावे. हा क्रम उलटा चालत नाही. सबमॉड्यूल अपडेटनंतर आतला रेपो बहुधा डिटॅच्ड हेडवर असतो. तिथे केलेला कमिट पुश न होता बाहेरचा रेपो पुढे गेला, तर इतरांना असा हॅश मिळतो जो सर्व्हरवर अस्तित्वातच नाही. हे टाळण्यासाठी ‘पुश डॉट रिकर्ससबमॉड्यूल्स’ हे सेटिंग ‘चेक’ वर ठेवता येते. आतले कमिट कुठल्याही रिमोटवर गेलेले नसतील तर गिट बाहेरचा पुशच अडवते. तुमच्या टीममधल्या प्रत्येक मशीनवर ते आजच लावून घ्या.