सरड्याचे हिरवे घर

घोयरा सरडा दिसला की आपल्याकडे पोरे दगड उचलतात. युरोप-अमेरिकेत मात्र येमेनच्या डोंगरातला त्याचा तुरेवाला भाऊबंद हौसेने पाळतात. त्याच्या घराची रीत आम्हाला मोलाची वाटली.

उंच, हवेशीर जाळीचा पिंजरा. तळाशी खडी, म्हणजे जादा पाणी खाली उतरते, मुळे कुजत नाहीत. वर माती, पालापाचोळा, मनीप्लँट. पाचोळ्यातले स्प्रिंगटेल, वुडलाऊस हे इवले जीव बुरशी, विष्ठा खाऊन मातीला खत देतात. सरडा पानांवरचे थेंब पितो, म्हणून रोज फवारा. हाडांसाठी यूव्हीबी दिवा. पिंजऱ्यात एकटाच ठेवतात.

इतका खटाटोप, तेव्हा कुठे रानाची नक्कल! बालमित्रांनो, आपल्या घोयऱ्याला १९७२च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. त्याला पकडू नका, मारू नका. त्याचे घर झाडावर तयारच आहे.